नाताळच्या सुट्टीत मनालीला जाताय? बर्फाचं वादळ गृहीत धरून करायची तयारी

नाताळची सुट्टी आणि हिमालयातली मोठी बर्फवृष्टी यांची पुष्कळदा एकाच आठवड्यात गाठ पडते. डिसेंबर २०२४मध्ये तसंच झालं. २३ तारखेला मनालीजवळ सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान सुमारे हजार गाड्या अडकल्या. २७ तारखेला सोलंग नाल्यावर पुन्हा तोच प्रकार झाला आणि सुमारे पाच हजार पर्यटकांना कुल्लू पोलिसांनी सुखरूप खाली आणलं. अशा वेळी लोकांकडे जाकिटं असतात, बूट असतात, फोनही असतात. नसतो तो हाताशी एक मोकळा दिवस. परतीची गाडी उद्याची असते, हॉटेल आज सोडायचं असतं, म्हणून बर्फ पडत असतानाच माणूस रस्त्यावर उतरतो आणि तिथे फसतो.

म्हणून इथे कपड्यांच्या आधी तारखांचा विचार केला आहे. नागपूरहून पहिल्यांदाच बर्फात जाणाऱ्या कुटुंबासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरण मनालीचं घेतलं आहे. काश्मीरला जाणाऱ्यांसाठी ज्या गोष्टी वेगळ्या आहेत त्या शेवटाकडे दिल्या आहेत.

१. हे वादळ येतं कसं, ते आधी समजून घ्या

हवामान खात्याच्या अंदाजात डिसेंबर ते फेब्रुवारी ‘पश्चिमी विक्षोभ’ हे शब्द वारंवार येतात. वर्तमानपत्रं त्यालाच पश्चिमी झंझावात म्हणतात. भूमध्य समुद्राकडून निघालेली ही प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून आपल्या हिमालयावर आदळते. खाली मैदानात पाऊस पडतो, वर डोंगरात बर्फ.

तिचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी पश्चिमेकडून उंचावरचे पातळ ढग येतात आणि रात्रीची थंडी अचानक कमी वाटते. मग एक-दोन दिवस बर्फ पडतो. त्यानंतर आकाश निळंशार होतं, ऊन पडतं आणि पर्यटकांना वाटतं की सुटलो. गाडीसाठी मात्र सगळ्यात वाईट रात्र यापुढची असते. ढगांचं पांघरूण गेल्यामुळे जमिनीतली ऊब भराभर निघून जाते, दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावरच गोठतं आणि त्याचा पारदर्शक थर तयार होतो. डांबर फक्त ओलं दिसतं, टायर मात्र अजिबात पकड घेत नाही. पूल, डोंगराच्या सावलीतली वळणं आणि झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं त्या जागा सगळ्यात आधी अशा होतात. सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर तिथून गाडी नेणं टाळा.

वादळ पुढे सरकलं की उत्तरेकडचे गार, कोरडे वारे खाली येतात आणि दोन-तीन दिवसांत नागपूरचा पाराही घसरतो. २९ डिसेंबर २०१८ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. त्यामुळे थंडी आपल्याला माहीत आहे असं नागपूरकराला वाटतं. पण नागपूरची थंडी कोरडी असते आणि सकाळी दहाला ऊन तिला घालवतं. मनालीत वादळाच्या दिवशी दुपारीही पारा शून्याजवळ असतो, वर ओला बर्फ आणि वारा. थंडी तीच म्हणून तयारीही तीच, असं धरून चालू नका.

२. तारखा ठरवा आणि एक दिवस मोकळा सोडा

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. २४ डिसेंबरला नागपूरहून निघायचं असेल तर २५ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता तयार राहा. तेलंगणा, केरळ आणि तमिळनाडू एक्सप्रेस या तिन्ही गाड्या नागपूरहून दिल्लीला जातात. विमानाने जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, त्या काळात नागपूरच्या विमानांना गर्दी असते. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्या टाळून तिकीट बघा.

नऊ दिवसांची ही मांडणी बर्फाला पुरून उरते:

- पहिला दिवस: नागपूरहून रेल्वे.
- दुसरा दिवस: दिल्ली. पुढे लगेच निघू नका. रात्री दिल्लीत किंवा चंदीगडला मुक्काम.
- तिसरा दिवस: दिवसाउजेडी मनाली.
- चौथा, पाचवा, सहावा: मनाली आणि परिसर.
- सातवा: मोकळा. याच्यावर कोणतंही आरक्षण नको.
- आठवा: मनालीहून खाली उतरून चंदीगड किंवा दिल्ली.
- नववा: नागपूरची गाडी.

‘पाच रात्री सहा दिवस’ अशा पॅकेजमध्ये तो सातवा दिवस नसतो. पॅकेजच घ्यायचं असेल तर नागपूरच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून दोन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: रस्ता बंद झाला तर जास्तीच्या रात्रीचं भाडं कोण देणार, आणि ठरलेली टॅक्सी वर जाऊ शकली नाही तर फोर बाय फोरचे (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीचे) पैसे कोण भरणार. तोंडी ‘होऊन जाईल साहेब’ यावर विसंबू नका.

तारखांच्या बाबतीत लोक हमखास फसतात ते असे:

त्याच दिवशीची पुढची बस. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडे धुकं असतं आणि गाड्या तासन्‌तास उशिरा पोहोचतात. सकाळची गाडी गाठून संध्याकाळची व्हॉल्वो पकडायची, हा हिशोब कागदावरच जमतो. पुढचा प्रवासही रेल्वेचा असेल तर दोन्ही पीएनआर जोडून घ्या. पहिल्या गाडीला उशीर झाल्यामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या प्रवासाचे पैसे रद्दशुल्क न कापता मिळू शकतात. त्यासाठी दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावं, वय अगदी सारखं हवं.

रात्रीची बस. दिल्ली ते मनाली सुमारे ५४० किलोमीटर, बारा ते चौदा तास. एरवी रात्रीची बस सोयीची असते. पण अंदाजात विक्षोभ असेल तर ती घेऊ नका. मंडीच्या पुढे पंडोह ते औटच्या अरुंद दरीत पाऊस पडला की वरून दगड येतात आणि बस तिथे पहाटेच्या अंधारात पोहोचते.

भुंतरचं विमान. कुल्लूजवळच्या या विमानतळाची धावपट्टी दरीत आहे, विमानं छोटी आहेत आणि ढग खाली आले की उड्डाण रद्द होतं. बर्फाच्या आठवड्यात अख्खा बेत त्यावर टांगू नका.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं एका प्लास्टिकच्या पाऊचमध्ये ठेवा, कारण ओल्या बर्फात खिशातला कागद टिकत नाही. फोटो फोनमध्येही ठेवा आणि नागपुरात घरच्या एका माणसाकडेही पाठवून ठेवा.

- सगळ्यांचं आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, मुलांचंही. हॉटेलात प्रत्येकाचं मागतात.
- स्वतःची गाडी असेल तर परवाना, आरसी, विमा, पीयूसी.
- औषधांची चिठ्ठी आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा निदान पाच दिवस जास्तीची औषधं.
- आरोग्य विम्याचं कार्ड. प्रवास विमा घेतला असेल तर पॉलिसीची प्रत आणि दाव्याचा फोन नंबर.
- रोख रक्कम, दोन दिवस पुरेल इतकी. वीज आणि नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही.
- हेडटॉर्च, शिटी, थर्मास, २०,००० एमएएचची पॉवर बँक. विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते.

मधुमेहींनी हे नीट वाचावं. इन्सुलिन गोठलं की ते निकामी होतं, नंतर वितळून पूर्ववत दिसलं तरी. गाडीच्या डिकीत किंवा बाहेरच्या बॅगेत ते ठेवू नका. अंगालगतच्या आतल्या खिशात ठेवा. साखर मोजायचं यंत्रही फार थंडीत चूक दाखवतं किंवा चालत नाही, तेही आत ठेवा. फोनचंही तसंच आहे. बाहेरच्या खिशात ४० टक्के चार्ज असलेला फोन अचानक बंद पडतो आणि नेमका मदत मागायच्या वेळी.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि बोगद्यापलीकडचं सिस्सू सुमारे ३,१०० मीटरवर. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना हे आकडे सांगून विचारावं.

४. कपडे: थर महत्त्वाचे, जाडी नव्हे

सगळ्यात आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. सुती बनियन आणि जीन्स बर्फात नकोत. सुती कापड घाम आणि बर्फाचं पाणी धरून ठेवतं आणि अंगाची ऊब ओढून घेतं. हिवाळ्यात लागणाऱ्या तिबेटी स्वेटर बाजारात मधला थर चांगला मिळतो. बाहेरचा थर मात्र दुकानात पाणी टाकून बघून घ्या. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या पुष्कळ जाकिटांच्या शिवणीतून पाणी आत येतं.

हातमोज्यांचे दोन जोड न्या, कारण मुलांचा पहिला जोड अर्ध्या तासात भिजतो. मोजे प्रत्येकी चार जोड. बूट एक नंबर मोठे घ्या. दोन मोजे कोंबून घट्ट झालेल्या बुटात रक्त नीट फिरत नाही आणि बोटं जास्त गार पडतात. मनालीहून सोलंगच्या वाटेवर कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. त्यांची गरज खरीच असते, पण गमबूट आतून आधीच ओले असतात. पायात स्वतःचा लोकरी मोजा, त्यावर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी आणि मग गमबूट, असं घाला. साधे स्पोर्ट्स शूज घालून दाबलेल्या बर्फावर चालणं म्हणजे मनगट मोडून घेणं.

५. अंदाज रोज दोनदा वाचा

निघण्याच्या पाच दिवस आधीपासून भारतीय हवामान विभागाच्या शिमला केंद्राचा जिल्हावार अंदाज बघा. ‘मौसम’ आणि ‘सचेत’ ही दोन्ही सरकारी ॲप फोनमध्ये घ्या. जिल्हे दोनच बघायचे: कुल्लू आणि लाहौल-स्पिती. मनाली कुल्लूमध्ये आहे, बोगद्याचं पलीकडचं तोंड लाहौलमध्ये.

हिरवा रंग म्हणजे इशारा नाही. पिवळा असेल तर लक्ष ठेवायचं, बोगद्यापलीकडे जायचं नाही. नारिंगी असेल तर मनाली गावातच राहायचं. लाल असेल आणि तुम्ही अजून चंदीगडला असाल तर तिथेच थांबायचं. मनालीत असाल तर हॉटेल सोडायचं नाही. खात्याच्या रंगांचा अर्थ सर्वसाधारण सावधगिरीचा असतो. पर्यटकाने काय करावं हा इथला सल्ला मुद्दाम जास्त कडक ठेवला आहे. स्थानिक चालकाला त्या रस्त्याचा सराव असतो, तुम्हाला नसतो.

फोनवरच्या साध्या हवामान ॲपवर विसंबू नका. ते बऱ्याचदा दरीतल्या गावाचं तापमान दाखवतं आणि तुम्ही जाता हजार मीटर वर. दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंशांचा फरक पडतो. मनालीत पाऊस पडत असेल तर सोलंगला बर्फ पडतोय असं धरा. हिमस्खलनाचे इशारे संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था देते आणि बातम्यांत ते जिल्ह्याच्या नावाने येतात. त्यात तुमचा जिल्हा असेल तर उतारांच्या पायथ्याशी फोटोलाही थांबायचं नाही.

६. हॉटेल घेताना हे विचारा

फोटो सगळ्याच हॉटेलांचे चांगले असतात. फोन करून हे चार प्रश्न विचारा. बर्फ पडल्यावर गाडी दारापर्यंत येते का, की सामान घेऊन चढावं लागतं? वीज गेली तर जनरेटरवर खोल्या गरम राहतात का, की फक्त दिवे लागतात? गीझर विजेचा आहे की गॅसचा? रस्ता बंद झाला तर एक रात्र वाढवून मिळेल का आणि कोणत्या दराने?

गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल आणि खिडकी बंद असेल तर ते हॉटेल घेऊ नका. खोलीत कोळशाची शेगडी आणून देतो म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. डोकं दुखायला लागतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. थंडीत खिडक्या घट्ट लावलेल्या असल्यामुळे हा धोका वाढतो.

७. बोगद्यापलीकडे जायचा दिवस

अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे, ३ ऑक्टोबर २०२०ला खुला झाला, आणि त्याला वेगळा परवाना लागत नाही. रोहतांग खिंडीला परवाना लागतो, पण ती हिवाळ्यात बर्फ पडला की बंद असते. डिसेंबरात कोणी ‘रोहतांगचा परवाना काढून देतो’ म्हणालं तर पैसे देऊ नका.

आता इथे माणसं अडकतात कशी ते बघा. सकाळी ऊन असतं. हजारो गाड्या बोगदा ओलांडून सिस्सूला जातात. दुपारी ढग येतात, बर्फ सुरू होतो आणि सगळे एकाच वेळी परत फिरतात. बोगद्याच्या दक्षिण तोंडापासून सोलंगपर्यंत रस्ता सतत उताराचा आहे. टायरांखाली दाबला गेलेला ताजा बर्फ संध्याकाळी गोठून गुळगुळीत होतो. एक गाडी घसरून आडवी होते. मागचा ब्रेक मारतो, तोही घसरतो. घाईतले लोक उलट्या बाजूच्या रांगेत घुसतात आणि खालून येणाऱ्या, बर्फ हटवणाऱ्या डोझरला वर यायला जागा उरत नाही. मग बर्फ थांबला तरी रस्ता मोकळा होत नाही.

म्हणून:

1. सकाळी आठला मनाली सोडा, नुकता बर्फ पडून गेला असेल तर दहानंतर. दुपारी एकपर्यंत बोगद्याच्या अलीकडे परत या, आकाश कितीही स्वच्छ असलं तरी.
2. बर्फाचे कण पडायला लागले की त्याच क्षणी गाडी वळवा. ‘आणखी दहा मिनिटं’ यातच रांग तयार होते.
3. बर्फ पडल्यावर पोलीस नेहरू कुंड किंवा सोलंगजवळ साध्या गाड्या अडवतात आणि फक्त फोर बाय फोर किंवा चेन (घसरू नये म्हणून टायरवर चढवायची साखळी) लावलेल्या गाड्या सोडतात. वाद घालू नका, फाट्यांवरून दुसरी वाट शोधू नका.
4. टॅक्सी ठरवताना चेन डिकीत आहे का, ते डोळ्यांनी बघा. टायरच्या खाचांत खिळा घालून खोली बघा. खाचा झिजलेल्या असतील तर दुसरी टॅक्सी घ्या.
5. गाडीत प्रत्येकी एक लिटर पाणी, ब्लँकेट आणि एका रात्रीचं खाणं ठेवा. तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, संत्रा बर्फी, चिवडा असं न गोठणारं, हातमोजे घालून खाता येणारं. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी पीत राहा.

८. नागपूरहून स्वतःच्या गाडीने जात असाल तर

नागपूर ते मनाली सुमारे १,६०० किलोमीटर. दोन चालक हवेत आणि वाटेत किमान दोन मुक्काम. डोंगरात बर्फावर गाडी चालवल्याचा अनुभव नसेल तर माझा स्पष्ट सल्ला आहे: गाडी मनालीच्या हॉटेलात उभी करा आणि वर जाण्यासाठी स्थानिक टॅक्सी घ्या. ती अडकली तरी बाहेर काढणारे हात तिच्या मालकाच्या ओळखीचे असतात.

गाडी नागपुरात असतानाच तिची तयारी करा.

कूलंट. नागपूरच्या उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये साधं पाणी ओतायची सवय असते. तेच पाणी मनालीत गोठून फुगतं आणि रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉक फुटतो. सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. हे मिश्रण उणे ३० अंशांच्याही खाली गोठत नाही. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढा.

बॅटरी. तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर गॅरेजमध्ये लोड टेस्ट करून घ्या. थंडीत तिची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं ऑइल फिरवायला जास्त ताकद लागते. जंपर केबल सोबत ठेवा.

टायरची हवा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की सुमारे एक पीएसआय हवा कमी होते. नागपूरला २५ अंशांत ३३ भरली तर उणे ५ला ती २८च्या आसपास येते. मनालीत पोहोचून, टायर गार असताना पुन्हा तपासा.

डिझेल. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधलं मेण सुटतं आणि फिल्टर बंद करतं. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९मध्ये लडाख, काझा, केलाँगसारख्या भागांसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. लाहौलमध्ये मुक्काम असेल तर टाकीत तिथल्या पंपाचं डिझेल असू द्या.

चेन. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा, समजा १९५/६५ आर १५, दुकानदाराला दाखवूनच घ्या. एका आकाराची चेन दुसऱ्याला ‘चालते’ हे खोटं आहे. सैल चेन सुटून ब्रेकच्या नळीवर आपटते. घरासमोर दोनदा लावून काढून बघा, कारण वर ते काम गार पडलेल्या बोटांनी करायचं असतं. लावायची रीत अशी: सपाट जागी थांबा. ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांनाच चेन लावायची, बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात. चेनचा पीळ सोडवून ती टायरवर पांघरा, मागचा हूक आधी अडकवा, मग पुढचा. गाडी थोडी पुढे घेऊन उरलेला भाग टायरवर ओढा आणि ताण द्या. ५०-१०० मीटर चालवून थांबा, पुन्हा घट्ट करा. हे दुसऱ्यांदा घट्ट करणं लोक विसरतात. वेग ३०-४०च्या वर नेऊ नका आणि कोरडं डांबर लागताच चेन काढा.

बर्फावर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत निघा. उतारावर पहिला किंवा दुसरा गिअर ठेवून इंजिनच्या जोरावर गाडी रोखा. पुढच्या गाडीपासून एरवीच्या कितीतरी पट अंतर हवं. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, वायपर उभे करून ठेवा. काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका, काच तडकते.

९. अडकलातच तर

गाडी डोंगराच्या बाजूला घ्या, मध्ये डोझर जाईल इतकी जागा सोडा. ११२ला फोन करा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, राज्याचा १०७०, रुग्णवाहिका १०८. बोलताना जवळचा किलोमीटरचा दगड, माणसं किती, त्यात मुलं आणि वृद्ध किती, पेट्रोल किती, एवढं सांगा आणि फोन ठेवा. चार्ज वाचवा.

चालत निघायचा मोह टाळा. बर्फ पडत असताना रस्त्याची कड दिसत नाही. पोलीस किंवा सीमा रस्ते संघटनेचे लोक नेत असतील तरच उतरा.

इंजिन सतत चालू ठेवू नका. आधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ हाताने पूर्ण साफ करा, मग तासाला दहा मिनिटं इंजिन आणि हिटर, आणि तेवढा वेळ वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटं उघडी. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी सायलेन्सर पुन्हा बघा. तो बर्फाने बुजला की धूर गाडीच्या आत येतो. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली. काहींच्या मृत्यूमागे कार्बन मोनॉक्साइड असल्याचं तेव्हाच पुढे आलं होतं. गाडीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी झोपू नका. एक जण आळीपाळीने जागा राहू द्या.

ओले मोजे लगेच बदला. मुलांना दोन मोठ्यांच्या मध्ये बसवा. कोणी आधी खूप कुडकुडत होतं आणि आता कुडकुडणं थांबलं, बोलणं अडखळायला लागलं, चालताना तोल जातोय, तर शरीराचं तापमान धोकादायकरीत्या उतरलं आहे. ओले कपडे काढा, ब्लँकेटमध्ये अंगाला अंग लावून बसा, शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्या आणि ११२ला पुन्हा कळवा. दारू देऊ नका. तिने ऊब वाटते, पण कातडीकडे रक्त वाढून शरीर आणखी गार होतं. बोटं पांढरी, बधिर पडली तर ती चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. काखेत धरून ऊब द्या आणि दवाखान्यात न्या.

१०. काश्मीरला जात असाल तर एवढं वेगळं

दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. घरातला निदान एक नंबर निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या. बर्फ पडला की तंगमर्ग ते गुलमर्ग रस्त्यावर चेनशिवाय गाडी सोडत नाहीत, म्हणून तंगमर्गला गाडी बदलावी लागेल असं धरूनच वेळ आणि पैसे ठेवा. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे तिथली सगळ्यात कडक थंडी. जम्मू-श्रीनगर महामार्ग रामबनच्या पट्ट्यात दरडी येऊन बंद होतो. जून २०२५पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू आहे, रस्ता बंद असताना ती मोठी सोय आहे. पण तेव्हा सगळेच तिच्याकडे वळतात, त्यामुळे तिकीट आधीच काढून ठेवा.

११. परत निघताना आणि पैसे परत मिळवताना

मनालीहून उतरायच्या आदल्या दिवशी सकाळीच अंदाज बघा. दुसऱ्या दिवशी बर्फ असेल आणि आज रस्ता उघडा असेल तर एक दिवस आधीच, उजेड असेतो खाली मंडीपर्यंत या. रस्ता बंद झालाच असेल तर मनालीतच थांबा, मोकळा सातवा दिवस त्यासाठीच आहे.

गाडी तुमच्या स्टेशनवर तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येत असेल आणि तुम्ही प्रवास करणार नसाल तर पूर्ण पैसे मिळतात. त्यासाठी आयआरसीटीसीवर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो, तोही गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत. सुटल्यावर भरलेला अर्ज फेटाळला जातो. मात्र रस्ता बंद असल्यामुळे तुम्हीच स्टेशनवर पोहोचला नाहीत तर हा नियम लागू होत नाही, तेव्हा तिकीट वेळेत रद्द करा. चौकशीला १३९.

विमान हवामानामुळे रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान यांपैकी काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं असतं. काउंटरवरचा माणूस फक्त ‘क्रेडिट शेल’ (पैसे कंपनीकडेच पुढच्या तिकिटासाठी जमा) देऊ लागला तर परतावा हवा असं स्पष्ट सांगा. प्रवास विम्याचा दावा करायचा असेल तर विमान कंपनीकडून रद्द झाल्याचा किंवा उशिराचा ईमेल, जास्तीच्या रात्रीचं हॉटेलचं जीएसटी बिल आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. रस्ता बंद असल्याच्या पोलिसांच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या सूचनेचा स्क्रीनशॉट तारखेसह त्याच दिवशी काढून ठेवा.